धोंडिबाचा रावण

मंगळवार, एप्रिल १९७२

शी! स्वतःचीच किळस येते. इथे बोहाड्यात मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगं नाचवतात. मी गावात नवा मास्तर, म्हणून यंदा हवं ते सोंग निवडा म्हणाले. म्हातारा धोंडिबा म्हणाला, "गुरुजी, पैलीच येळ हाय, गनपती घ्या. हलका हाय."

मला मिरवायचं होतं. रावण मागितला. सगळ्यांनी धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबा घरी जाऊन मुखवटा घेऊन आला, धोतरानं आतून पुसून माझ्या हातात दिला.

रावण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरातला, हे पाटलांनी नंतर सांगितलं. मग तो नाही का म्हणाला नाही? गुरुजींना कोण नाही म्हणणार!

पुसूनही आत त्याच्या घामाचा वास आहे. परत करायला गेलो, तर धोंडिबा दारातूनच म्हणाला, "लई जड हाय त्यो. उद्या या, मान कशी धरायची त्ये शिकवतो."