लाल शेपट्या आणि ह्यांचा उजवा हात

१२ जून
सियालदहच्या फुटपाथवरून शिवजटेचं रोप आणलं. पानं तळहाताएवढी, काठाला कातरलेली, मधून लोंबणाऱ्या लाल केसाळ शेपट्या. बंगाली रोपवाला म्हणाला, "हात दिये देखुन, माशिमा." हात लावला तर अगं बाई, थेट मांजर!
ह्यांच्यासाठी आणलंय. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हाताला काही कळत नाही. फिजिओची मुलगी म्हणते, डोळे मिटायला लावून रोज काहीतरी हाताळायला द्या. टॉवेल, कंगवा, ब्रश झाले. हे वैतागले, "मला बालवाडीत घातलंयस का?"

१३ जून
सकाळी बाल्कनीत. ह्यांचं उजवं बोट शेपटीवरून फिरवलं.
"काय लागतंय?"
"काही नाही."
बजबजच्या मिलमध्ये नुसता चिमटीत धरून ताग पारखणारा माणूस हा. मला रडूच आलं. पाठ फिरवून झाडाला पाणी घालत बसले.

४ जुलै
कुंडीत पाणी साचून पानं पिवळी पडली. खाली विटा लावल्या.
ह्यांचं रोजचंच, "काही नाही." आज तर म्हणाले, "उषा, झाडाला तरी सुखानं जगू दे." माझंही डोकं फिरलं. कोणासाठी चाललीय ही मरमर? दिवसभर अबोला.

२ ऑगस्ट
"मऊ आहे," म्हणाले!! "मांजराच्या पाठीसारखं." शिरा केला. टॉलीगंजच्या नणंदेला, म्हणजे सुधाताईंना, फोन. गणपतीला राहायलाच या म्हटलं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
पूजेची तयारी सुधाताईंनी पहाटेच केली, मी मोदकांत अडकलेली. आरती झाल्यावर ह्यांना बाल्कनीत नेलं. ह्यांनी आधीच डोळे मिटून घेतलेले. सुधाताई आतून काहीतरी विचारत होत्या, त्यांच्याकडे मान वळवूनच सवयीनं ह्यांचं बोट टेकवलं.
"मऊ आहे. आज जास्तच."
बघते तर बोट कुंडीच्या खरबरीत काठावर. झाडावर एक शेपटी नाही. सगळ्या सुधाताईंनी खुडून गणपतीला वाहिलेल्या. त्यांना तरी काय बोलणार? लाल फूल दिसलं की बाप्पाचं, आपल्याकडचं सगळ्यांचं असंच.
ह्यांना म्हटलं, "हो ना."
म्हणजे इतके दिवस...

२८ ऑगस्ट
मोदक उरलेत. शेजारी देऊन टाकते. माझ्यासाठीच "मऊ" म्हणत होते ना. राग यावा तर तोही येत नाही.

१८ सप्टेंबर
नव्या शेपट्या आल्या, बोटभर लांब.
दुपारी मी जरा आडवी झाले होते. उठून बघते तर हे एकटेच बाल्कनीत. डोळे मिटलेले. डाव्या, चांगल्या हातानं शेपटी कुरवाळत होते. वरून खाली, परत वरून खाली. तोंडानं पुटपुटत होते, "मऊ. जरा ओलसर. टोकाला बारीक."
पाठ करत होते.
मी तशीच मागे फिरले.

१९ सप्टेंबर
सकाळी आपणहून हाक. "उषा, चल, घे माझी परीक्षा."
उजवं बोट शेपटीवर ठेवलं.
"मऊ. जरा ओलसर. टोकाला बारीक."
"अगदी बरोबर," म्हटलं. केवढे खूश झाले! मी खूश झाले म्हणून.
उद्या फिजिओची मुलगी येणार. बोटांना कितपत कळायला लागलंय, ते मलाच विचारेल. हे समोर बसलेले असतील, माझ्या तोंडाकडे बघत.