घड्याळाला पाय दिसत नाही

अंजूर, भिवंडी
१४ ऑक्टोबर २०२५

चि. नेत्रा,

आईचे आशीर्वाद, आणि पोटातल्या पिल्लाला वेगळा पापा. विपुलराव बरे असतील. इकडे आम्ही मजेत. शेजारची हेमाली उद्या सकाळी पुण्याला निघाली आहे, तिच्याबरोबर सुकट पाठवते. त्याच पिशवीत ही चिठ्ठी. फोन असताना आईला हे काय खूळ, म्हणशील. पण फोनवर तुझे बाबा कान देऊन बसतात, आणि तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलते.

काल तू विचारलंस, "आई, रोज दुपारी बसल्या जागी तुझे ठोके का वाढतात? घड्याळाचं सगळं मला इथे मोबाइलवर दिसतं." मी म्हटलं, मालिका बघते, त्यात सासू दुधात विष घालते. तू हसलीस. अगं, त्या वेळी आपला टीव्ही बंद असतो.

घड्याळ चांगलं आहे हो. साखर वाढली म्हणून डॉक्टर चाला चाला म्हणून थकले, मी ऐकलं नाही. तू हे हातात बांधलंस आणि मला शिस्त लागली. चालणं पुरं झालं की मनगटावर थरथरतं आणि फुलं दाखवतं. तुझ्या बाबांनी इतक्या वर्षांत एकदा तरी फूल दाखवलं का मला?

नवरात्रात मी अनवाणी होते. दर वर्षीच असते, पण यंदा तुझ्यासाठी नवस बोलले होते. सात वर्षांनी लेकीची कूस उजवली, मग आईने नऊ दिवस चप्पल सोडू नये? म्हटलं, एका फेरीत देवीही खूश आणि घड्याळही खूश. गोडाऊनच्या रस्त्याने देवळापर्यंत जायची, तशीच परत यायची. तू फोनवर म्हणालीस, "आई, पावलांत तू तर माझ्याही पुढे गेलीस!" केवढी फुशारले मी.

सातव्या माळेला घरी आले तर लादीवर लाल डाग. वाटलं, ओटीचं कुंकू सांडलं. फडकं घेऊन पुसत निघाले, तर डाग माझ्या मागोमाग येत होते. तळव्यात खिळा रुतला होता, गोडाऊनवाले फळ्या फेकतात ना, त्यातला. अख्खा आत. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. देवीशपथ सांगते, अजूनही दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच भीती वाटते गं.

खिळा काढला, हळद भरली, फडकं बांधलं. डॉक्टरकडे गेले नाही. बाबांची धोंडूआत्या तुला आठवत नसेल, लहान होतीस. तिलाही साखरच. अंगठ्याच्या जखमेसाठी नेली, आणि गुडघ्याखाली पाय नाही अशी घरी आणली. तिला आंघोळ मी घालायचे. ती म्हणायची, "तुळजे, अंगठा खाजतो गो, जरा खाजव ना." मी कुठे खाजवणार?

चालणं मात्र सोडलं नाही. सोडलं असतं तर त्याच संध्याकाळी तुझा फोन आला असता, आई आज बसून का? मग काय सांगणार होते, तुझ्या नवसापायी झालं म्हणून? मग फडक्यावर बाबांचे मोजे चढवले आणि चालले. दसऱ्यानंतरही चालले. घड्याळ आपलं फुलं दाखवतंय. त्याला मेल्याला पाय कुठे दिसतो?

दुपारी बाबा ड्युटीला जातात, मी दाराला कडी घालते आणि फडकं सोडून बघते. ते ठोके तेव्हाचे. आधी कडा पांढऱ्या होत्या, आता काळ्या पडल्यात. परवा बाबा म्हणाले, "घरान कुठं उंदीर मेला हाय गो, वास येतो." त्यांनी कपाट सरकवलं, माळा बघितला. आणि मी, नेत्रा, बॅटरी धरून त्यांच्याबरोबर उंदीर शोधला. काल अंगात कणकण होती. आज घोट्यावर लाल रेघ चढली आहे.

मला फार भीती वाटते. मरणाची नाही एवढी. तुझं बाळ आलं की पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, त्यावर त्याला पालथं निजवून ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नाही. तुला मी तशीच न्हाऊ घातली. एका पायावर बाळ कसं निजवू गं? घसरेल ते.

पोटुशी लेकीला असलं लिहू नये, कळतं मला. भाऊबीजेला तू येणारच आहेस, पण तेवढी वाट पाहू नकोस. हे वाचलंस की उभ्याउभ्या आधी बाबांना फोन कर. माझ्या तोंडून त्यांना सांगवत नाही, तीनदा तोंड उघडलं आणि चहा टाकू का विचारलं. त्यांना सांग, हिला आजच्या आज दवाखान्यात न्या. मी नाही म्हणेन, रडेन, शिव्याही देईन. माझं काही एक ऐकू नका.

ओढून नेल्याशिवाय न जाणारी,
तुझी भ्यालेली आई