पोट बरं आहे, असं कळवलं

मेडशी. माघ वद्य पंचमी, दिवेलागण.

शाळा सुटल्यावर एरंडीचं तेल कोमट केलं, घोंगडीवर उताणा पडलो आणि पोट चोळत राहिलो. ही पोरीच्या बाळंतपणाला मंगरूळला गेली त्याला तीन महिने झाले. तोवर तीच चोळून द्यायची. बेंबीभोवती हलक्या हातानं, आणि दर फेऱ्याला विचारायची, "दुखते काय?" मी नेहमी नाही म्हणायचो. दुखत असलं तरी.

मागच्या कार्डात मीच लिहिलं, रोज स्वतः चोळतो, पोट अगदी बरं आहे. काहून लिहिलं? ऐट, दुसरं काय! आज तिचं उत्तर आलं, जावयाच्या अक्षरात: "तुमचं पोट बरं आहे तं मी आखजीपर्यंत इथंच राह्यते. बाळ मले सोडत नाही." आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून अडीच महिने.

आणि पोट खरंच बरं आहे. तक्रार तरी कशाची करू? आपलाच हात, आपलंच पोट. कोणी कोणाला विचारायचं?

पाचव्या फेऱ्याला तोंडातून आपोआप निघालं, "दुखते काय?" रिकाम्या घरात आवाज फार मोठा वाटला. हात थांबला. मग हळूच म्हणालो,

"दुखते वं."