न बुडालेलं घटिकापात्र

महाड, रविवार संध्याकाळ

आज कुडपणला काय फजिती! आमच्या संग्रहालयातली जुनी खगोलयंत्रं दुरुस्त करायला वर्गणी मागायला गेले. दाखवायला घटिकापात्र नेलं. बुडाला बारीक भोक असलेलं हे भांडं पूर्वी मुहूर्तासाठी पाण्यात सोडत. बुडालं की घटिका भरली. देवळात सगळ्यांसमोर घंगाळात सोडलं, तर बुडेचना! संग्रहालयात पुराचं पाणी शिरलं होतं, त्यानंतरच्या साफसफाईत कुणीतरी गळकं भांडं समजून डाग देऊन भोक बुजवलेलं. मी आधी बघायला नको?

पुढे बसलेली म्हातारी म्हणाली, "अगो, असं तर लगीन कधीच लागायचं नाय!" हशा पिकला, आणि त्या हशातच वर्गणीची थाळी फिरली. निघताना तिनं हात धरला. "नीट कर गो. माघात नातीचं लगीन हाय. मुहूर्ताला हेच आण."

हो म्हणून बसलेय. बुडेल ना? बुडू दे रे देवा.