सहा हजारांचा स्पीड आणि वरशाचं बारसं

मंगळवार, १२ मे
आज मी खूश. नातीचा, किमयाचा, नवा कॉम्प्युटर माझ्याच खोलीत मांडलाय. गणपतीची मूर्ती ती आधी त्याच्यात घडवते, मग साचा. पण आतल्या मेमरीच्या खोक्यावर म्हणे सहा हजारांचा स्पीड लिहिलाय आणि चालते अठ्ठेचाळीसशेनं. मी म्हटलं, फसवलं गो तुला. ती म्हणाली, नाय गो आज्जी, एक सेटिंग चालू करायची राहिलीय. ती झाली की काम लवकर उरकेल, मग रविवारी तुला स्कूटरवरून वरशाला बारशाला नेते.

बारसं वरशा गावात दिलेल्या शकूच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, नातवाचं. माझा पणतू! गुडघ्यापायी माझा लेक दत्ता मला एकटीला एसटीत चढू देत नाय. मला काय, घाई नाय. पातळ तेवढं काढून ठेवलंय.

बुधवार, १३ मे
किमया सेटिंग करून गणपतीच्या कारखान्यात गेली. सांगून गेली, स्क्रीन काळी राहील, मेमरी आतल्या आत जुळवून घेते, हात लावू नको. बसले बघत. काळी ती काळीच. गुदमरला असणार बिचारा. बटण बंद केलं, परत चालू केलं. आला की!
संध्याकाळी किमया ओरडली, परत अठ्ठेचाळीसशे! मी म्हटलं, चालू तर झाला ना माझ्या हातानं?

गुरुवार, १४ मे, दुपार
आज बटणाला बोट लावलं नाय, शप्पथ. स्क्रीन काळी, डबा गरम. शाडूची मूर्ती तडकू नये म्हणून आम्ही ओलं फडकं टाकतो, तसं घट्ट पिळून टाकलं. जन्म गेला माझा मूर्ती राखण्यात.
किमयाने येऊन फडकं भिरकावलं नि प्लगच खेचला. म्हणाली, कच्च्या मूर्तीला कोणी हात लावला तर तू अख्ख्या जोहे गावाला ऐकू जाईल असं ओरडतेस, मग इथंच का गो तुझा हात शिवशिवतो?
तिला काय कळतंय. मूर्ती निदान दिसते तरी.

शनिवार, १६ मे
झाला! सहा हजार! मला पडवीत बसवून खोलीला कडी घातली होती, तेवढ्यात झाला. माझ्या देखरेखीखालीच म्हणायचं.
काम झरझर उरकलं. कारखान्याचे मालक हैबतराव बघून गेले आणि आणखी दोन मूर्तींचं काम देऊन गेले, उद्याच पाहिजेत. म्हणाले, आता स्पीड हाय ना! किमया माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, कर गो बाय. बारसं काय पळून जातंय?

रविवार, १७ मे
नवं पातळ नेसून याच खोलीत बसले. किमयाने शकूला कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून दिला नि साचे करायला कारखान्यात पळाली. पाळणा दिसला, फुगे दिसले. पणतवाने जांभई द्यायला तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. सगळ्या बायका बाळाचं नाव घेणार, तेवढ्यात आवाजही गेला. सहा हजारांचा स्पीड असून!
मग मी आपलं बटण दाबलं.
स्क्रीन काळी झाली.
आता हात लावणार नाय. बसलेय.