हिरव्या पैठणीला कात्री

४ मार्च १९४६, शेवगाव

थंडी सरली म्हणून दुपारी पेटी उघडली. आईची हिरवी पैठणी पडवीत सावलीला पसरली. उन्हात मुळीच नाही, रंग उडतो. जुन्या घडीवर जर चिरायला लागली आहे, म्हणून यंदा घडी बदलली. मऊ धोतराच्या फडक्यात बांधणार तेवढ्यात कुमुद शाळेतून आली. लेक मास्तरीण झाल्यापासून वर्गभर पोरींना दटावते आणि उरलेलं घरी आणते. म्हणाली, "आई, लग्नात सूनमुखाला मी हीच नेसणार. पण गोल, काष्टा न घालता."

नऊवारी गोल कशी नेसशील?

"कापायची."

म्हटलं, आधी मला काप.

६ मार्च

कु.शी अबोला. विधींना पिवळी अष्टपुत्री नऊवारी नेसायला तयार आहे, तेवढे उपकार. बाकी ट्रेनिंग कॉलेजात गेल्यापासून सगळं पाचवारी. म्हणते, काष्टा घातला की मी मीच वाटत नाही. ह्यांना विचारलं, तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणून तोंडापुढे वर्तमानपत्र. सोयरीक जमवताना मात्र ह्यांना सगळं कळत होतं.

माझ्या पाठवणीला आईने ही अंगावरची उतरवून मला दिली. पुढे जन्मभर सुती नेसली. तिच्या पैठणीला कात्री लावायची म्हणजे...

११ मार्च

नवी पाचवारी विणून मिळेल का म्हणून पैठणला निरोप धाडला होता. भिकाजी कोष्टी आज बाजाराला आले, ते घरी डोकावले. आईची पैठणी त्यांच्या वडिलांच्या मागावरची. म्हणाले, "नवी कुठनं इनू, बाई? लढाई सपली, पन रेशीम न्हाई, जर न्हाई. सुती इनून प्वाट भरतोय."

मग जुनी दाखवली. वाटलं, भला माणूस, माझी बाजू घेईल. पदरावरच्या मोरावरून हात फिरवताना अगदी खुलले. मग मधला भाग दोन्ही हातांनी उजेडापुढे धरला आणि बोटांनी चाचपत राहिले.

"काय झालं?"

"काष्ट्याची जागा इरलीया. रेशीम मेलंय हितलं. नेसून हुबं ऱ्हायलं तर चालंल. पाटावर बसल्या की टर्रकन जाईल."

तेवढं काढून दोन्ही तुकडे जोडले तर?

"लग्नात दांड घातलेलं लुगडं नेसवता व्हय लेकीला?"

तेही खरंच. दांड म्हणजे घरची ओढगस्त चारचौघांत मिरवायची.

"पदराकडचं पाच वार लई घट हाय. तेवढं ठिवा. बाकीचं सोडा."

म्हणजे कु.चंच खरं. कापली तर नेसता येईल, अख्खी ठेवली तर पेटीतच कुजेल. भि.ना बजावलं, पोरीला बोलू नका. राग कुणाचा आला कोण जाणे. जेवले नाही.

१९ मार्च

अजून सांगितलं नाही. कु.नेही विषय काढला नाही. आज सूनमुखासाठी म्हणून आपली जांभळी साडी बाजूला काढून ठेवली. शाळेत नेसून नेसून विटलेली. कुरकुर नाही, टोमणा नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तरी तोंड उघडलं नाही. हट्टी मेली मीच.

२९ मार्च

हे घोडेगावला बैल बघायला. कु. शाळेत. दार लोटलं आणि पैठणी नेसले. पूर्ण नऊ वार. श्वास रोखून निऱ्या घातल्या, काष्टा अगदी सैल. हातभर आरशात तुकड्यातुकड्याने पाहिलं. छान दिसते अजून, लिहायला लाज कसली! आईची फार आठवण आली. मग उतरववेना. चूल नको, पाणी नको, नुसती घरभर हिंडत राहिले.

शाळा लवकर सुटली. कु. दारात उभी. वाटलं, आता बोलेल काहीतरी. पण बघतच राहिली. मग जवळ आली, माझा पदर सारखा केला. "राहू दे आई, नको कापायला. मी जांभळी नेसते." आणि मग, "बस ना. अशी उभी का?"

म्हटलं, "बसता येत नाही गं हिच्यात."

तिला कळेना. मग भि. काय म्हणाले ते सगळं सांगितलं. मेलेलं रेशीम, पदराकडचे पाच वार, सगळं. सांगता सांगता रडू आलं.

माझ्यासाठी पाट पुढे ओढला होता तो तिने पायाने बाजूला सारला. बसली नाही. हातात पिशवी तशीच, दिवेलागणीपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली.