तीन पेडलांची गाडी

किर्यू, १४ नोव्हेंबर

चि. मिसाओ हिला आशीर्वाद.

इकडे थंडी पडू लागली आहे. डोंगरावरून वारा सुटला की घराची दारं दिवसभर खडखडतात. तू आणि कोहारू, दोघी मायलेकी बऱ्या असाल असं धरून चालतो. माझा रक्तदाब थोडा वर आहे, पण डॉक्टर म्हणतात, सत्याहत्तराव्या वर्षी एवढं चालायचंच. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा चुका सांभाळून घे.

सोबत एक कागद आहे. जागेच्या मालकाच्या संमतीचा. पोलिसांकडून गाडी ठेवायच्या जागेचा दाखला मिळाल्याशिवाय नवी गाडी नावावर होत नाही, हे तू जाणतेस. घरापुढची जागा तुझ्या आईची होती, ती गेल्यावर तुझी झाली. मागच्या वेळी आईने भांडी घासता घासता हात पुसून सहीच्या जागी तिच्या नावाचा शिक्का मारला होता. आता तुझा लागतो.

हो, गाडी घेण्याचा विचार आहे. ओरडू नकोस, आधी वाच.

आमच्या फाउंड्रीत मी एकेचाळीस वर्षं ज्या गाडीच्या इंजिनाचे भाग ओतले, तिचं नवं रूप आलं आहे. पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची ही शेवटचीच, म्हणतात. पैसे असले तरी मिळत नाही, सोडत काढतात. शोरूमच्या नागुमोने माझं नाव घातलं होतं. मी विसरूनही गेलो होतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "ओगिवारासान, बसला आहात ना? नसाल तर बसा. लागला नंबर!" पंचवीस तारखेपर्यंत कागद दिले नाहीत तर गाडी पुढच्या माणसाला जाईल. आयुष्यभर त्या गाडीचे भाग ओतले आणि एकदाही तिच्यात बसलो नाही.

फाउंड्रीतल्या जुन्या सोबत्याला, कामेझोला सांगितलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, आत बसशील रे, पण तुला बाहेर काढायला फाउंड्रीतली क्रेन आणावी लागेल." मी म्हटलं, तू जळतोयस. तो म्हणाला, "जळतोय तर जळतोय. पण मुलीला विचारलंस का?"

म्हणून लिहितो आहे. तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. त्या दुपारबद्दल मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती जुनी गाडी ऑटोमॅटिक होती. दोन पेडल, दोन्ही उजव्या पायाला. या गाडीला तीन आहेत. डाव्या पायाने क्लच सोडल्याशिवाय ती हलतच नाही. माणसाचं लक्ष पायात राहतं. माझा परवानाही चालू आहे. म्हाताऱ्यांच्या परीक्षेत सोळा चित्रं दाखवून मग विचारतात, मला अकरा आठवली. परीक्षा घेणारी बाई म्हणाली, छान.

इथवर परवा लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो.

काल शोरूममध्ये गाडी पहिल्यांदा लोकांना दाखवली. तीस-चाळीस माणसं होती. नागुमोने मला पुढे बोलावलं, "यांच्या हातांनी हिचं इंजिन ओतलंय," असं सगळ्यांना सांगितलं आणि गाडी बाहेरच्या अंगणात उभी होती तिच्यात बसवलं. सीट इतकी खाली की कामेझोची आठवण झाली. नागुमो म्हणाला, "क्लच दाबून बटण दाबा. हं. आता ब्रेक दाबून बघा, किती हलका आहे." मी क्लच दाबून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. मग मी ब्रेक दाबला.

इंजिन गर्जलं. मी आणखी जोरात दाबला. ते आणखी गर्जलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "वा, आजोबा! रक्तातच आहे!" नागुमोही हसत होता. त्यांना वाटलं मी मजा करतो आहे. मीही हसलो. डावा पाय क्लचवर होता म्हणून गाडी जागची हलली नाही, बाकी काही नाही. पुढे दोन हातांवर एक बाई मुलाला कडेवर घेऊन फोटो काढत होती.

मिसाओ, त्या दुपारी सुपरमार्केटच्या आवारात गाडी आपोआप सुटून धडकली नव्हती. मी तुला, पोलिसांना, विम्याच्या माणसाला वर्षभर तेच सांगत आलो, की मी ब्रेकच दाबत होतो. मला खरंच तसं वाटत होतं, निदान सुरुवातीला.

पण कोहारूला तसं वाटत नव्हतं. ती शेजारी बसली होती, तिने माझा पाय पाहिला. हनुवटीतून रक्त येत होतं, तरी म्हणाली, "आजोबा, तो ब्रेक नव्हता." मी तिच्या हनुवटीला रुमाल धरला आणि सांगितलं, "आजोबांनी ब्रेकच दाबला. कुणी विचारलं तर असंच सांगायचं." सात वर्षांची पोर. तिने पोलिसांना तसंच सांगितलं. तुला ते पटेना, नंतर तू खोदून विचारलंस, तरी तिने बदललं नाही. मग तू माझ्यासमोर तिला खोटारडी म्हणालीस, थोबाडीत मारलीस, आणि मी चहा पीत बसलो होतो.

तेव्हापासून ती माझ्या फोनवर येत नाही. मी समजत होतो, तू येऊ देत नाहीस.

हे वाचून तू येशील असं मला वाटत नाही. माफी मागावी अशी माझी जागा उरलेली नाही. कोहारूला मात्र सांग की तिने बरोबर पाहिलं होतं. मी सांगितलं असं सांग.

आणि या कागदावर शिक्का मारू नकोस. फाडून टाक. मला अजूनही ती गाडी हवी आहे, कालच्यानंतरही हवी आहे, आणि याचंच मला भय वाटतं. पंचवीस तारखेच्या आत मी तुला फोन करीन, स्वतःला मी ओळखतो. ही चिठ्ठी मी घाबरून लिहिली होती असं म्हणेन, रडेन, आईचं नाव घेईन. तरी मारू नकोस.

ज्याच्यासाठी तुझ्या मुलीने मार खाल्ला, तो तुझा बाप,
तोकुझो